पम्या घाट उतरतो

बोरघाट उतरून आमच्याकडे काय काय येतं याची यादी करायला बसलो तर वही पुरणार नाही. लोणावळ्याच्या आसपासच्या तळ्यांचं पाणी १९१५ पासून टाटांच्या पाइपांतून डोंगर उतरतं आणि खोपोलीच्या वीजघरात येऊन चाकं फिरवतं. चाकणचा कांदा-बटाटा येतो. ब्रेक निकामी झालेले ट्रक येतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजून, कणसं खाऊन, वाटेत कुणाशी तरी भांडून घरी निघालेले पर्यटक येतात. खुद्द तुकोबा देहूहून मिरच्यांची पोती घेऊन हा घाट उतरले आणि आमच्या साजगावात येऊन बसले, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. यांपैकी कुणालाही खाली यायला ना हरकत प्रमाणपत्र लागलं नाही.

ते लागलं फक्त पम्याला.

पम्या, म्हणजे चि. प्रथमेश, माझा पुतण्या. बारावीनंतर मित्रांचा घोळका जिकडे गेला तिकडे हाही गेला आणि घाटावरच्या एका कॉलेजात एफ.वाय.बी.कॉम.ला बसला. (कॉलेजचं नाव विचारू नका. आमचा एक मूळ कागद अजून तिकडे अडकलेला आहे.) वर्ष संपलं, निकाल लागला, आणि पम्याने जेवताना जाहीर केलं, की एस.वाय. खालच्या कॉलेजात करणार. ऐकायला किती सोपं! अंतर एसटीच्या एका तिकिटाचं. पण हा घाट जशी जिल्ह्यांची सीमा आहे तशीच विद्यापीठांचीही आहे, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कड्यावर पुणे विद्यापीठ, कड्याखाली मुंबई विद्यापीठ. त्यामुळे पम्याला मायग्रेशन सर्टिफिकेट लागणार होतं. ही बातमी आळीत पसरली तेव्हा शेजारच्या काकूंनी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, "व्हिसाला किती खर्च आला गो?"

काम अर्थातच माझ्याकडे आलं. माझी सगळी नोकरी एका कागद कारखान्यात झाली, त्यामुळे कागदपत्रांतलं मला कळतं असा घरच्यांचा समज आहे. मी तिथे रद्दीचा लगदा करायच्या खात्यात होतो. लोकांच्या जुन्या गुणपत्रिका, बोनाफाइड, पावत्या, तीन-तीन प्रतींत केलेले अर्ज टाकीत गरगर फिरताना मी वर्षानुवर्षं बघितलेत. कागदाचं शेवटी काय होतं हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्यानेच उतारवयात कागदापुढे हात जोडून उभं राहायचं, हे आमचं नशीब.

"तू रिटायर आहेस," दादा म्हणाला. "तुला दुसरं काम काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्जात पहिलाच रकाना होता, 'महाविद्यालय बदलण्याचे कारण'. तो भरायला मी पम्याला समोर बसवलं तेव्हा कळलं, की या मुलाने घरातल्या प्रत्येकाला वेगळं कारण सांगून परवानगी मिळवली होती. दादाला सांगितलं, जाण्यायेण्याचा खर्च फार होतो. (एसटीचा विद्यार्थी पास असतो, तिकिटाचा तिसरा हिस्साच भरावा लागतो, पण पैसे वाचणार असं कुणी म्हटलं की दादाला पुढचं ऐकू येत नाही.) वहिनीला सांगितलं, तिकडच्या कॅन्टीनच्या तेलाने घसा धरतो. आईला, म्हणजे त्याच्या आजीला सांगितलं, रोज घाट लागतो, पोटात ठरत नाही. आईने तिथल्या तिथे शिंग्रोबाला नारळ बोलला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून ज्याची कथा सांगतात, जुन्या रस्त्यावर ज्याच्या देवळापुढे ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात, तोच हा शिंग्रोबा. वाट दाखवण्याचा त्याचा अनुभव मोठा, पण एका बी.कॉम.च्या विद्यार्थ्यासाठी त्याला कुणी पहिल्यांदाच उठवलं असावं.

मला पम्याने सांगितलेलं कारण सगळ्यांत वजनदार होतं.

"काका, कबड्डी. तिकडून खेळलो तर पुणे विद्यापीठाच्या बाजूने उभं राहावं लागतं. साजगावचा पोरगा रायगडच्या पोरांची चढाई अडवणार? गावात तोंड कसं दाखवू?"

रायगड जिल्ह्यात हृदयविकारापेक्षाही हे कारण मोठं आहे. मी चारही कारणं सुवाच्य अक्षरात लिहिली आणि अर्ज आणि दादाला घेऊन खालच्या कॉलेजात गेलो. तिथल्या भाऊसाहेबांनी अर्ज हातभर लांब धरून वाचला.

"इतकी कारणं चालत नाहीत. एकच लिहा."

"कुठलं लिहू?"

"वडिलांची बदली."

"वडिलांची पिठाची गिरणी आहे."

"मग?"

"गिरणीची बदली कशी होणार?"

भाऊसाहेब विचारात पडले. त्यांच्या दीर्घ सेवेत बदली न होणारे वडील बहुधा प्रथमच समोर आले होते. "आईची बदली?" त्यांनी विचारलं. आई गिरणीतच दळणं उतरवून घेते, असं मी सांगितलं. "विद्यार्थ्याची प्रकृती?" तेव्हा पम्या दोन पायऱ्या एकदम चढत आत आला, त्यामुळे तोही मार्ग बंद झाला.

"मग 'कौटुंबिक अडचण' लिहा. त्यात सगळं बसतं."

"पण अडचण काय ते कुणी विचारलं तर?"

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून आधी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पम्याकडे. "नाही विचारणार कुणी," ते म्हणाले. "लिहा."

इथपर्यंत जे झालं त्याला आम्ही अडचण समजत होतो. पुढचं असं होतं. खालचं कॉलेज म्हणालं, आधी वरच्यांची एनओसी आणा, मग प्रवेश देतो. वरचं कॉलेज म्हणालं, आधी खालचे प्रवेश देत असल्याचं पत्र आणा, मग एनओसी देतो. दोघांच्याही हातात नियमांची पुस्तिका होती आणि दोघांनीही योग्य पानावर बोट ठेवलं होतं.

या घाटात असा खोळंबा पहिल्यांदाच झाला असं नाही. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्याला गाडी सुरू झाली. मधला घाट काही १८६३ पर्यंत पुरा झाला नाही, तेव्हा उतारूंनी खोपोलीला उतरायचं, पालखीत नाहीतर तट्टावर बसून डोंगर चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची. वरचं वर तयार, खालचं खाली तयार, मधलं ज्याचं त्याने बघून घ्यावं, ही इथली जुनी वहिवाट आहे. एक्स्प्रेसवेवरसुद्धा सरकारने घाट टाळण्यासाठी बोगद्यांचा आणि पुलांचा मोठा प्रकल्प हाती घेतला, त्याचं नाव 'मिसिंग लिंक'. पम्याच्या बाबतीत ती लिंक मी होतो. फरक इतकाच, की मला पालखी कुणी दिली नाही. लाल डबा होता, आणि २०२० मध्ये पाडलेला अमृतांजन पूल जिथे होता त्याच्या आसपास रोज ठरलेली वाहतूक कोंडी होती.

शेवटी खालच्या कॉलेजातल्या शिपाईमामांना माझी दया आली. "साहेब," ते हळूच म्हणाले, "वरच्या कॉलेजातल्या मॅडमना फोन लावून भाऊसाहेबांच्या कानाला द्या. दोघं आपसात मिटवतील."

ही युक्ती एखाद्या कुलगुरूलाही सुचली नसती. मी फोन लावला, भाऊसाहेबांच्या हातात दिला. दोघं पूर्वी एका प्रशिक्षणात भेटलेले निघाले. मग त्या प्रशिक्षणातल्या जेवणाची आठवण निघाली. कुणाचं तरी प्रमोशन अडलं होतं, त्याच्यावर बोलणं झालं. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता झाला. मुलीचं लग्न झालं. "हो, हो... नाही, नाही... बघा की हो," असं बराच वेळ चाललं, आणि भाऊसाहेबांनी समाधानाने फोन ठेवला.

मी अधीरपणे विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मजेत आहेत," भाऊसाहेब म्हणाले.

तरीही त्या संभाषणाचा परिणाम झाला असावा. कारण मग आम्हाला एक पत्र मिळालं. 'जागा उपलब्ध असल्यास, व अन्य कागदपत्रांच्या अधीन राहून, सदर विद्यार्थ्याच्या प्रवेशाबाबत तत्त्वतः विचार करण्यास हरकत नसावी.' या वाक्यात नेमकं कोण काय देतंय हे मला आजतागायत उमगलेलं नाही, पण पत्र होतं. त्यावर शिक्का मारायचा तर शाईचं पॅड वाळलेलं. भाऊसाहेबांनी पाण्याच्या बाटलीच्या बुचातून दोन थेंब त्यावर सोडले, बोटाने पसरले, शिक्का दाबला, वर स्वतःचं वजन टाकलं आणि अलगद उचलला. डावीकडचा भाग उठलाच नाही. उजवीकडे मात्र पाणी जास्त झाल्यामुळे शाई पसरून एक निळं तळं तयार झालं.

वर गेल्यावर मॅडमनी पत्र खिडकीच्या उजेडात धरलं.

"यावर 'चार्य' लिहिलंय."

"'प्रा' उठला नाही, मॅडम."

"आम्हाला प्राचार्यांचं पत्र लागतं. चार्यांचं चालत नाही."

परत खाली. दुसऱ्यांदा शिक्का बरोबर उठला, पण तो सहीवर नेमका बसला आणि सही दिसेना. ते पत्र मी घरीच ठेवून घेतलं. तिसरं चाललं.

आता वरचं कॉलेज एनओसी द्यायला तयार झालं, फक्त त्याआधी 'नो ड्यूज' हवं होतं. नो ड्यूजचा फॉर्म म्हणजे एका पानावर छापलेलं अख्खं कॉलेज. ग्रंथालय, जिमखाना, एन.सी.सी., वसतिगृह, भौतिकशास्त्र प्रयोगशाळा, रसायनशास्त्र प्रयोगशाळा, वनस्पतिशास्त्र विभाग. पम्या वाणिज्य शाखेचा. पण फॉर्म सगळ्या शाखांना एकच, आणि एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही असं खाली ठळक छापलेलं.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक किडकिडीत सहायक परीक्षानळ्या धूत होते. त्यांनी ओले हात अॅप्रनला पुसले, चष्मा लावला, फॉर्म बघितला, पम्याकडे बघितलं.

"तू इथे कधी आला होतास?"

"कधीच नाही, सर."

"मग तू इथलं काही फोडलं नाहीस, याची खात्री मी कशी देऊ?"

"आलोच नाही तर फोडणार कसं, सर?"

"आलेल्यांची माझ्याकडे नोंद आहे," ते शांतपणे म्हणाले. "कोणी काय फोडलं ते मला सांगता येतं. न आलेल्यांची नोंद मी ठेवत नाही."

या बोलण्यात एक शास्त्रीय शिस्त होती आणि ती मोडायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "मग काय करता येईल?" त्यांनी खूप विचार केला आणि एक तोडगा काढला. पम्याने नोंदवहीत आजच्या तारखेला प्रयोगशाळेत आल्याची सही करायची. नंतर ते बघणार, काही फुटलं का. मग 'बाकी नाही' म्हणून सही देणार. पम्या टेबलापासून लांब, हात मागे बांधून उभा राहिला. सहायकांनी सगळ्या फडताळांवरून एकदा नजर फिरवली. आणि सही दिली. वनस्पतिशास्त्रात त्या मानाने लवकर आटपलं. तिथे एकच कुंडी होती आणि ती शाबूत होती.

ग्रंथालयात मला वाटलं होतं, लगेच सुटका होईल. ग्रंथपालबाईंनी संगणकावर बघितलं, पुन्हा बघितलं.

"याचं कार्डच नाही."

"म्हणजे बाकी काही नाही?"

"कार्डच नाही म्हणते मी. वर्षभरात आलेलाच नाही हा. कार्ड नसेल तर रद्द काय करू? आधी कार्ड काढा, मग मी ते रद्द करते आणि नो ड्यूज देते."

अशा रीतीने ज्या दिवशी पम्याने ते कॉलेज सोडलं त्याच दिवशी तो तिथल्या ग्रंथालयाचा सभासद झाला. फोटो लागला, फी लागली, आणि कार्ड हातात आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी गमावल्याचं दुःख दिसलं. "काका, चांगली आहेत हो पुस्तकं," तो म्हणाला. बाई तोवर कार्डाचे दोन तुकडे करत होत्या.

परतताना एसटीत मला विनोबा आठवले. ते आमचे शेजारीच, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला बडोद्याहून मुंबईला निघाले, वाटेत सुरतला उतरले आणि थेट काशीला गेले. प्रमाणपत्रं तर आधीच जाळून टाकलेली. ना एनओसी, ना टीसी, ना रसायनशास्त्राची सही. त्या काळी विद्यापीठंही कशी ऐसपैस! बडोद्याची मुलं परीक्षेला मुंबई विद्यापीठाची, पुण्याची कॉलेजंही १९४९ मध्ये पुण्याचं वेगळं विद्यापीठ सुरू होईपर्यंत मुंबईचीच. पम्याने जरा लवकर जन्म घेऊन बी.कॉम. केलं असतं, तर हा घाट त्याला फुकटात उतरता आला असता. अर्थात विनोबांनाही कागद अगदीच चुकले नाहीत. पुढे भूदानात लोकांनी त्यांना जमिनी दिल्या त्या दानपत्रांवर. त्या सात-बारावर चढवताना कार्यकर्त्यांचे जोडे झिजले.

हे सगळं मी पम्याला सांगितलं. त्याचे डोळे चमकले.

"मग काका, मीपण जाळून टाकू का सगळं?"

"नको," मी म्हटलं. "डुप्लिकेट काढायला पोलिसांचा दाखला लागतो."

आता तुम्ही म्हणाल, नव्या शैक्षणिक धोरणात हे सगळं सोपं झालंय. झालंय की! २०२० चं धोरण आलं, २०२१ मध्ये क्रेडिटची बँक निघाली, प्रत्येक विद्यार्थ्याचं तिच्यात खातं. मधेच सोडलं तरी केलेलं फुकट जात नाही. एक वर्ष केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, तीन केली तर पदवी. पम्याच्या खात्यात पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट जमा होते. मोबाइलवर दिसतही होते. आईला त्याने अभिमानाने दाखवले.

"चव्वेचाळीस हजार?" आईने विचारलं.

"नाही गं आजी, नुसते चव्वेचाळीस."

"व्याज किती देतात?"

"व्याज नसतं."

"काढता येतात?"

"काढता नाही येत. दुसऱ्या कॉलेजात वळते करता येतात."

"मग झाले का वळते?"

"तेच तर चाललंय."

आईने मोबाइल परत दिला. "बाला, जपून रे," ती म्हणाली. "बँक बुडालेली मी बघितलीय."

बँक बुडाली नाही, पण वळते करताना अडली खरी. दोन्हीकडचे विषय जुळवायचा एक तक्ता असतो. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी; मोठ्याने वाचलं तर घसा खाकरल्यासारखं वाटतं. पम्याने ते घडाघडा म्हणून दाखवलं. त्यातलं आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. त्याच ओळीवर भाऊसाहेबांची पेन्सिल थांबली.

"ही भारतीय ज्ञानप्रणाली आपल्याकडची नाही."

"का हो? दोन क्रेडिटची आहे. इकडची पण दोनचीच."

"शीर्षक वेगळं आहे."

"अहो, भारत एकच ना?"

"भारत एकच आहे," भाऊसाहेब म्हणाले. "अभ्यासमंडळं दोन आहेत."

मला वाटत होतं, निदान भारतीय ज्ञानाला तरी घाट लागणार नाही. लागला. पम्याने वर्षभर आर्यभट आणि चरक यांच्याबद्दल जे काही ऐकलं असेल ते समकक्ष आहे की नाही हे ठरवायला एक समिती बसणार होती. तोवर ते दोन क्रेडिट खंडाळ्यातच थांबले.

त्यात नावाचा घोळ निघाला. गुणपत्रिकेवर प्रथमेशच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एच' होता, आधार कार्डावर नव्हता. आडनाव, जन्मतारीख, फोटो, गालावरचा तीळ, सगळं जुळत होतं. भाऊसाहेब म्हणाले, "दोन वेगळे विद्यार्थीही असू शकतात." पम्या समोरच उभा होता. त्याने स्वतःकडे बोट दाखवलं. भाऊसाहेबांनी सहानुभूतीने मान हलवली, पण समोर उभा असणं हा काही पुरावा नव्हे. प्रतिज्ञापत्र करा म्हणाले. स्टॅम्प वेंडरकडे गेलो तर शंभराचा मुद्रांक चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचं काम ५०० वर गेलेलं. दादाला सांगितलं तेव्हा त्याने गिरणी बंद केली.

"एका अक्षराला पाचशे? अरे, बारशाला अख्खं नाव ठेवलं तेव्हा एवढा खर्च आला नव्हता!"

मायग्रेशन सर्टिफिकेट, ज्याची मी सगळ्यांत जास्त धास्ती घेतली होती, ते मात्र ऑनलाइन अर्ज केल्यावर निमूट आलं. इतकं निमूट, की भाऊसाहेबांना त्याचाच संशय आला. "यावर गोल शिक्का नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, यावर क्यूआर कोड आहे, मोबाइल धरला की सगळं दिसतं. त्यांनी मोबाइल धरला, सगळं दिसलं. "दिसतंय," ते म्हणाले, "पण शिक्का नाही." मला त्यांना हसता येईना. त्याच संध्याकाळी आमच्या घरी सत्यनारायणाच्या वर्गणीची पावती आली, ती दादाने मंडळाचा शिक्का नाही म्हणून परत पाठवली.

मग खालच्या कॉलेजात समिती येणार असं झालं. कुठली समिती, कशासाठी, हे कुणाला नक्की सांगता येईना. पण येणार होती म्हणून भिंती रंगत होत्या, कुंड्या भाड्याने येत होत्या, आणि आमची फाइल कुठल्यातरी नव्या कपाटात व्यवस्थित लावली गेल्यामुळे सापडत नव्हती. "समिती होऊन जाऊ दे," एवढंच उत्तर. पम्या त्या दिवशी चौकशीला गेला तो संध्याकाळपर्यंत परतलाच नाही. आला तेव्हा शर्टाला गेरू लागलेला.

"कुठे होतास?"

"कुंड्या उचलल्या. मग सर म्हणाले, पोरं कमी पडतायत, वर्गात बस. बसलो."

"बरं मग?"

"समितीतल्या एका सरांनी मलाच उभं केलं. म्हणाले, या कॉलेजात येऊन तुला काय मिळालं?"

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, अजून काहीच मिळालं नाही सर, कागद वर गेलेत."

समितीतले सर या उत्तरावर खूश झाले, असं पुढे शिपाईमामांकडून कळलं. त्यांना वाटलं, मुलगा आध्यात्मिक बोलतोय. त्या दिवसापासून पम्या वर्गात बसतोच आहे. नाव हजेरीपटावर नाही, त्यामुळे तो गैरहजर लागत नाही. आमच्या घराण्यात इतकी नियमित हजेरी कुणाचीच नव्हती. कबड्डीची निवड चाचणी मात्र भाद्रपदातच उरकली. मैदानाच्या कडेला उभा राहून त्याने टाळ्या वाजवल्या. कुठल्या बाजूने, ते त्याने सांगितलं नाही.

होता होता कार्तिकी एकादशी आली आणि आमच्या बोंबल्या विठोबाची यात्रा सुरू झाली. पंधरवडाभर साजगाव-ताकईच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. घोंगड्या, गुरं, पाळणे, खाजा, आणि सुक्या मासळीच्या राशी. विठ्ठलाच्या यात्रेत सुके बोंबील विकणारं आमचं गाव. देवाच्या नावाचा उगम कुणी त्या बोंबलांत शोधतं, कुणी तुकोबांच्या कथेत: मिरच्या लोकांनी उधारीवर नेल्या, पैसे बुडवले, तुकोबांनी देवाच्या नावाने बोंब ठोकली आणि विठोबाला जातीने वसुलीला यावं लागलं. आमच्या पंचक्रोशीतल्या उधारीला अशी थोर परंपरा आहे.

मासळीच्या रांगेत मला भाऊसाहेब दिसले. चष्मा डोक्यावर, हातात बोंबील. एकेक काडी उचलून नाकाशी नेत होते, मोडून बघत होते, आवाज ऐकत होते. "यंदाचेच ना?" असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाई वैतागली.

"अरे दादा, खाऊन बघ! त्याचा काय दाखला आणू?"

मी मनात त्या बाईला दंडवत घातला. अर्धा किलो ठरलं. भाऊसाहेबांनी मोबाइल काढला, पण यात्रेच्या गर्दीत नेटवर्क कुठलं? गोल फिरतंय, फिरतंय. खिशात सुटे नाहीत. "उद्या देतो," ते म्हणाले. "आपलं कॉलेज इथे जवळच."

"कोण ओळखतं तुला?" बाईने विचारलं.

भाऊसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांना मी दिसलो. इतका आनंद माझ्याकडे बघून त्यांना कधी झाला नव्हता. "हे ओळखतात! सांगा हो यांना."

"ओळखतो," मी म्हटलं. "ज्येष्ठापासून ओळखतो. पैसे देतील ते. पण आधी तुम्ही बोंबील देत असल्याचं पत्र लागेल त्यांना."

भाऊसाहेब हसले. खरंच हसले, आजूबाजूचे वळून बघतील इतके. "तुम्ही पण ना! उद्या पाठवा पोराला. करून टाकू कन्फर्म."

"तुझ्या पत्राला घाल चुलीत," बाई मला म्हणाली. "पिशवी आणलीय का त्याने?"

पिशवी त्यांनी आणलेली नव्हती. पैसे मी दिले. बोंबील बांधायला काहीतरी हवं, म्हणून काखेतली फाइल उघडली; ती आता माझ्याबरोबर यात्रेलाही येते. 'चार्य'वाल्या पत्राची जुनी झेरॉक्स होती, ती दिली. बाईने झटकन पुडा वळला आणि भाऊसाहेबांच्या हातात ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, चष्मा खाली ओढला, पुडा उलटा-सुलटा करून नीट बघितला.

"ही साक्षांकित केलेली नाही," ते म्हणाले.